दर्या कागदावर आणताना

डोलीचे खुंट कुणाचे कुठं आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आजोबांनी ठोकलेल्या खुंटांच्या जागी नातू जाळं लावतो. शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलंच तर गावकीत मिटतं. या सगळ्याचा एका ओळीचाही कागद कुठल्या कचेरीत नसतो. जमिनीला सातबारा असतो, पाण्याला नसतो. एरवी त्यावाचून काही अडत नाही. मग एक दिवस खाडीच्या तोंडाशी भराव पडतो, नवी जेट्टी येते, किंवा कुठल्याशा कारखान्याचं पाणी उतरतं आणि मासळी उताणी तरंगू लागते. त्या दिवशी साहेबांचा पहिला प्रश्न येतो: तुम्ही इथं मासेमारी करत होता याला आधार काय?

गेली काही वर्षं मी किनाऱ्यावरच्या गावांत लोकांबरोबर बसून अर्ज, हरकती, तक्रारी लिहायला मदत करतो आहे. त्यातून एक गोष्ट मनात घट्ट बसली. किनाऱ्यावरच्या माणसाच्या बाजूनं आपल्याकडे कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे. पण कायदा कागद वाचतो, आणि आपला दर्या सगळा आठवणीत आहे. संकट दारात आल्यावर आठवणींचा कागद करायला घेतला तर वेळ पुरत नाही. म्हणून इथं कलमं सांगेन, मुदती सांगेन, पण सर्वांत जास्त बोलेन ते एका साध्या वहीबद्दल. हे वाचणाऱ्यांत मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी असतील, ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, कोळीवाड्यात वाढून आता शहरात नोकरी करणारी मुलं-मुली असतील. वही यांपैकी कुणीही सुरू करावी.

आधी पायाखालची जमीन पाहू. राज्यघटनेचं कलम २१ जगण्याचा हक्क देतं. या हक्कात उपजीविका येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं, आणि तो खटला मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्या माणसांचा होता. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा याच हक्काचा भाग आहे, हे १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणात आलं. डिसेंबर १९९६ मध्ये किनाऱ्यावरच्या कोळंबी-शेतीच्या खटल्यात न्यायालयानं भरतीरेषेलगतचे कोळंबीचे व्यापारी तलाव काढायला लावले आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्यायला सांगितली. मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या निमित्तानं चाललेल्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्कही कलम १४ आणि २१ मधून निघतो असं न्यायालयानं म्हटलं. समुद्र आत येऊन ज्यांची घरं जातात त्यांच्यासाठी हे वाक्य फार मोलाचं आहे.

याचा व्यवहारातला उपयोग असा. आपले बहुतेक अर्ज 'आमच्यावर अन्याय होत आहे, तरी साहेबांनी लक्ष घालावे' अशा सुरात असतात. ते विनंतीअर्ज होतात. तिथं 'आमच्या उपजीविकेच्या आणि स्वच्छ पर्यावरणाच्या, कलम २१ खालच्या हक्काला बाधा येत आहे' असं लिहा. एका वाक्याचा फरक आहे, पण पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर पहिल्या दिवसापासून तुम्ही हक्क मांडत होता, मेहेरबानी मागत नव्हता, हे दिसतं.

दुसरा पाया सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेचा. ती पहिल्यांदा १९९१ मध्ये आली, मग २०११ मध्ये आणि आता चालू आहे ती जानेवारी २०१९ ची. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा, खाड्यांचे काठ आणि समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. बऱ्याच जणांना सीआरझेड म्हणजे 'घर बांधू देत नाहीत तो कायदा' एवढाच ठाऊक आहे. तो राग समजण्यासारखा आहे. पण समुद्रात होणारा भराव, बंदर, पाइपलाइन यांनाही याच अधिसूचनेखाली परवानगी घ्यावी लागते, आणि तीत मासे सुकवायच्या जागा, जाळी दुरुस्तीच्या जागा, लिलावगृह, होड्या बांधायच्या जागा यांना किनाऱ्यावर मुभा आहे.

या अधिसूचनेखाली प्रत्येक जिल्ह्याचे नकाशे तयार होतात. आपल्या गावाचा नकाशा पाहिला आहे का, असं मी जिथं जातो तिथं विचारतो. बहुतेकदा कुणी पाहिलेला नसतो. महाराष्ट्राच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो मिळतो. मोठ्या प्रतीवर छापून घ्या आणि चार जुन्या तांडेलांना व चार बायकांना सोबत घेऊन बसा. बोंबलाच्या वलांडी कुठं आहेत, होड्या कुठं ओढतात, बंदरावर जायची वाट कुठली, कांदळवन कुठवर आहे, आणि यांतलं नकाशावर काय दाखवलं आहे, ते ताडून पाहा. जे सुटलं असेल ते ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सीआरझेडची जिल्हा समिती असते, आणि तीत किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असं अधिसूचनाच सांगते. तुमच्या जिल्ह्यातले ते तिघं कोण, समिती शेवटची कधी बसली, हा माहितीच्या अधिकारातला सगळ्यात चांगला पहिला अर्ज. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, दहा रुपये फी पडते, उत्तराची मुदत ३० दिवस.

आता वहीकडे येतो.

दोनशे पानी, बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही घ्या. सुटे कागद नकोत. रोज एक माणूस, एक ओळ: तारीख, तिथी, किती होड्या गेल्या, कुठल्या बाजूला, कुठलं जाळं, काय लागलं, अंदाजे किती, काय भावानं गेलं. तिथी मुद्दाम लिहायची. भरती-ओहोटी तिथीवर चालते हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, पण पाच वर्षांनी एखादा शास्त्रज्ञ ती नोंद तपासेल तेव्हा तिथी, भरती आणि मासळी यांचा मेळ बसलेला पाहून त्याला ती खरी आहे हे कळेल. मासळीची नावं आपलीच लिहा. करंदी, जवळा, मांदेली, निवट्या, चिंबोरी, कालवं. प्रकल्पांच्या अहवालांत शास्त्रीय नावांची यादी असते आणि ती नेहमी तोकडी वाटते. आपल्या नावांची यादी जवळच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकाकडून शास्त्रीय नावांशी जुळवून घ्या. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवे असतातच. महिन्याच्या शेवटी त्या वहीवर सोसायटीचा शिक्का आणि दोन सह्या घ्यायच्या. आपण आज उठून मागच्या पाच वर्षांची वही लिहून काढू शकत नाही, हे समोरच्यालाही कळतं. शिक्क्याचा उपयोग तोच.

जी कागदपत्रं आधीच घरात आहेत ती एका फायलीत लावा. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेल परताव्याचे कागद, बर्फाच्या पावत्या, लिलावाच्या पट्ट्या, विम्याचे हप्ते, सोसायटीचं सभासदत्व. यांत्रिक होडीवाल्याकडे यातलं बरंच काही निघतं. खरी अडचण पुढे आहे. जो पाग टाकतो, जो बिनयंत्राची छोटी होडी वल्हवतो, जो रापणीत दोर ओढतो, त्याच्या नावावर यातलं काहीच नसतं. आणि ज्या बाया ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं, खेकडे काढतात त्यांचं तर नावच कुठं नसतं.

या बायांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. भरपाईच्या याद्या होतात त्या नाखव्यांच्या नावानं. होडी ज्याच्या नावावर, नुकसान त्याचं, असा हिशेब. खाडीचा चिखल मात्र पहिल्यांदा बायकांच्या हातातून जातो. भराव पडला की होडी आणखी लांब जाऊ शकते, जास्त डिझेल जाळून का होईना. कालवं काढणारी बाई लांब जाऊ शकत नाही. तिची खडपं गेली की धंदाच गेला. एका गावात आम्ही बायकांची वेगळी वही केली. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या आजीनं कुठल्या खडपावर कुठल्या महिन्यात काय मिळतं ते सांगितलं आणि नववीतल्या नातीनं लिहिलं. तीन संध्याकाळी पुरल्या नाहीत. त्यात बाजाराचा हिशेबही आला: टोपलीला काय भाव, रिक्षाला किती, सुकी मासळी कुणाला घातली. ती वही वाचल्यावर गावातल्या पुरुषांनाच पहिल्यांदा कळलं की कितीतरी घरांचा पावसाळा याच पैशावर निघतो. असा कागद प्रत्येक गावात व्हायला हवा, आणि मागणीअर्जात बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या हक्कानं, स्वतंत्र ओळीवर यायला हवीत.

फोटो आणि व्हिडिओ याविषयी एकच सांगतो. मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाण यांची माहिती गळून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते देताना मूळ फोन कुणाचा हे महत्त्वाचं ठरतं. फोन विकायची वेळ आलीच तर आधी सगळं जसंच्या तसं दुसरीकडे उतरवून घ्या.

आपल्याकडच्या माहितीनं खरोखर काही हलतं का, असं कुणी विचारलं तर मी वरळीचं उदाहरण देतो. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरचं अंतर धरलं होतं. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की वारा आणि लाटा अंगावर असताना एवढ्या फटीतून होडी काढणं जिवावरचं आहे, किमान २०० मीटर हवेत. कागदावर होडीची रुंदी मोजली तर ६० मीटर भरपूर वाटतात. उधाणात होडी सरळ रेषेत जात नाही, ती कशी फेकली जाते हे ज्याच्या हातात सुकाणू असतं त्यालाच माहीत. झगडा बराच काळ चालला. काम अडवलं गेलं, बैठका झाल्या, आणि २०२३ च्या सुरुवातीला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागितलं तेवढं मिळालं नाही. तरी मंजूर झालेल्या आराखड्यातून एक खांब निघाला.

मोठ्या प्रकल्पात बोलायची कायदेशीर जागा म्हणजे जनसुनावणी. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनं तिचे नियम घालून दिले आहेत. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात यायला हवी, एक मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एक प्रादेशिक भाषेतल्या. आघात मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक संस्था अशा ठिकाणी पाहायला मिळायला हवा आणि त्याचा सारांश मराठीत हवा. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यानं बसायचं असतं. चित्रीकरण व्हायला हवं. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे बहिष्कार टाकून लोक आलेच नाहीत तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. बहिष्कार टाकायचा की नाही हा गावाचा निर्णय, पण टाकलात तरी लेखी हरकती मुदतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या. मी एका सुनावणीत पाहिलं आहे: तीन तास लोक पोटतिडकीनं बोलले, घोषणा झाल्या, आणि इतिवृत्तात आलं एवढंच, 'स्थानिकांनी रोजगाराबाबत शंका उपस्थित केल्या.' नियम असा आहे की सगळ्यांचं म्हणणं नोंदवून शेवटी ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि मगच सही व्हायची असते. ते वाचून दाखवेपर्यंत मंडपात बसून राहा. जे आलं नाही ते तिथंच उभं राहून सांगा. आणि प्रत्येक वक्त्यानं बोललेलं एका कागदावर लिहून सहीनिशी हातात द्यावं, मग पोटतिडीक इतिवृत्तातून गळली तरी फायलीत राहते.

अहवाल वाचताना घाबरू नका. सातशे पानं वाचायची नसतात. तीन गोष्टी शोधा. मासळीचं सर्वेक्षण कुठल्या महिन्यात केलं? जूनमध्ये किंवा हंगाम नसताना केलं असेल तर मासळी कमी दिसणारच, तुमची वही तिथं बोलते. गाळ काढून कुठं टाकणार? त्या जागी कुणाची जाळी आहेत ते नकाशावर दाखवा. आणि 'बाधित मच्छीमार' म्हणून किती जण धरले आहेत? तो आकडा कुठून आला, हे विचाराच.

यापुढची गोष्ट मुदतींची, आणि इथं गावंच्या गावं हरलेली मी पाहिली आहेत. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. नव्वद दिवसांनंतर दार बंद. मंजुरी मिळाल्याची जाहिरात प्रकल्पवाल्यांना वर्तमानपत्रात द्यावी लागते, पण ती नजरेतून सुटते. म्हणून गावातल्या एका मुलाकडे काम द्या: दर सोमवारी पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' संकेतस्थळावर आपल्या तालुक्याचं नाव टाकून पाहायचं. पर्यावरणाच्या कायद्यांवरून इतर वाद असेल तर मुदत सहा महिने, वर ६० दिवस. नुकसानभरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना मागायची तर पाच वर्षं, वर ६० दिवस. ही पाच वर्षं वाद पहिल्यांदा उद्भवला त्या दिवसापासून मोजतात. 'अजून भराव चालूच आहे' असं म्हणून तारीख पुढे ढकलता येईलच असं नाही. पहिला डंपर कधी आला ती तारीख वहीत हवी.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी न्यायाधिकरणाचं पीठ पुण्याला आहे. एकट्या माणसाला जाता येतं, सोसायटीला किंवा संघटनेलाही. भरपाई मागितली नसेल तर फी एक हजार रुपये. भरपाई मागितली तर मागणीच्या एक टक्का, म्हणजे एक कोटी मागितले तर एक लाख. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. म्हणून अर्जदार कोण आणि मागणी कशी मांडायची, हे वकिलाबरोबर बसून आधीच ठरवा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. बायकांची वेगळी वही करा म्हणालो त्याचं हे आणखी एक कारण.

उरणचं प्रकरण या बाबतीत प्रत्येक किनारी गावानं वाचावं. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारात खाडीमुखं आणि कांदळवन गेलं, पारंपरिक मच्छीमारांची मासेमारी गेली. त्यांनी पुण्याच्या पीठाकडे धाव घेतली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला: १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. बंदरानं ७० टक्के, ओएनजीसीनं २० आणि सिडकोनं १० टक्के द्यायचे असं ठरलं. पाण्यावर सातबारा नसतानाही, पाण्यावरच्या पिढीजात वहिवाटीचं नुकसान पैशात मोजता येतं आणि ते द्यावं लागतं, हे या निकालानं दाखवलं. पण १,६३० हा आकडा पाहा. तेवढ्या नावांची यादी असल्याशिवाय कुणी तेवढ्यांना पैसे देत नाही. तुमच्या गावात उद्या यादी करायची वेळ आली तर किती नावं निर्विवाद ठरतील? आणि निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असंही नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. लढाई लांबणार हे धरूनच एकी आणि वर्गणी यांचं गणित करा.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदाही लक्षात असू द्या. 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्यांचं मुख्य पोट पाण्यावर किंवा जंगलावर होतं, ज्यांत मच्छीमार आणि होडीवाले येतात, तीही कुटुंबं त्यात मोडतात. अडचण एवढीच की समुद्रात भराव घालून जागा निर्माण केली तर संपादन होतच नाही. संपादन होतं ते बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी, रेल्वेसाठी. तेव्हा रस्त्याच्या नोटिशीकडेही मच्छीमारांनी लक्ष ठेवावं.

कांदळवनाचं बळ वेगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कांदळवनाचा नाश म्हणजे कलम २१ चा भंग, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो, आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा. तिवरांवर डेब्रिज टाकताना दिसलं तर तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि पोलीस या तिघांना एकाच दिवशी लेखी कळवा. एकालाच कळवलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मासळी मरून पडली किंवा किनाऱ्यावर तेलाचे गोळे आले तर उशीर हाच पुराव्याचा शत्रू. मुंबईच्या तोंडाशी ऑगस्ट २०१० मध्ये दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं, तेव्हा सगळ्या देशानं ते पाहिलं. पण खाडीत रात्री सोडलेलं रसायन दोन भरत्यांत धुऊन जातं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला लगेच फोन करा, ईमेल पाठवा, वेळ लिहून ठेवा. फौजदारी खटल्यात टिकतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं घेतलेला नमुना. तुम्ही बाटली भरून ठेवा, बर्फात ठेवा, तिचाही उपयोग होतो, पण अधिकारी किती वाजता आला, की आलाच नाही, ही नोंद त्याहून जास्त कामाची. समुद्रातल्या तेलगळतीबद्दल तटरक्षक दलाला १५५४ वर कळवता येतं. आणि मोठ्या जहाजकंपनीचं कोण काय बिघडवणार, असं मनात आणू नका. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर 'रॅक' हे कोळशाचं जहाज ६० हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन बुडालं. २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणानं त्या जहाजाच्या कंपनीवर १०० कोटींची पर्यावरण भरपाई बसवली.

न्यायालयाबाहेरची दारंही आहेत. आंदोलनात मारहाण झाली, नोटीस न देता वस्ती पाडली, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून, विनाशुल्क तक्रार करता येते. घटनेपासून एका वर्षाच्या आत. प्रकल्पाला पैसा कुणी दिला हेही पाहा. गुजरातेत मुंद्र्याच्या मच्छीमारांनी औष्णिक वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला थेट अमेरिकेच्या न्यायालयात खेचलं. अशा संस्थांना सरसकट अभय नाही, हे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतलं. पुढे खालच्या न्यायालयांत खटला टिकला नाही. पण ज्या संस्थेकडे तक्रार-निवारणाची यंत्रणा आहे तिच्याकडे अर्ज करायला खटला लागत नाही, फक्त तिचं नाव माहीत असावं लागतं. ते नाव पर्यावरण अहवालात किंवा कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क मानला. १६१ देशांनी बाजूनं मत दिलं, त्यात भारत होता. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं मे २०२४ मध्ये हवेत सोडलेले हरितगृह वायू हेही समुद्राचं प्रदूषणच आहे, असं मत दिलं. तहसील कचेरीत यानं काही हलणार नाही. वरच्या न्यायालयात याचिका जाईल तेव्हा वकिलाला हे हाताशी असावं, म्हणून इथं नोंदवतो.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. न्यायालयात समोरचा वकील आधी तुमच्याच बंदराकडे बोट दाखवतो. बंदी असताना एलईडी दिव्यांवर मासेमारी, पावसाळी बंदीत चोरून गेलेल्या होड्या, आपल्याच पंचायतीनं तिवरांत टाकलेला कचरा, हे सगळं त्याच्या फायलीत येतं. तो समुद्र राखून खातो, हेच पारंपरिक मच्छीमाराचं सर्वांत मोठं बळ आहे. ज्या गावानं आपल्या होड्यांना शिस्त लावली, ठराव केला, दंड केला, त्याची नोंद ठेवली, त्या गावाचा शब्द वजनदार ठरतो. गावकीचे असे जुने निर्णय असतील तर तेही वहीत उतरवा.

आणि वही जपा, काम संपलं असं कधीच समजू नका. डहाणूचं पाहा. तिथल्या पर्यावरणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये खास प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणानं तिथल्या वाढवणच्या नियोजित बंदराला नकार दिला. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणानं बंदराला अटींवर संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. १९९८ साली जे तरुण आनंदानं घरी गेले ते आता म्हातारे झाले आहेत, आणि तेव्हाचा दर्या कसा होता हे त्यांच्या डोक्यात आहे. तिथं आता अटींचं पालन होतं का, हे दर सहा महिन्यांनी तपासायचं काम उरलं आहे. पालनाचे अर्धवार्षिक अहवाल प्रकल्पवाल्यांना द्यावे लागतात, ते मागवायचे आणि पाण्यावर जाऊन ताडून पाहायचे.

येत्या १ जूनला होड्या वर ओढल्या जातील. जून-जुलैचे दोन महिने जाळी विणण्यात जातात, म्हातारी माणसं ओटीवर असतात, शाळा पंधरा दिवसांनी उघडतात. वही त्या पहिल्या आठवड्यात विकत घ्या. पहिल्या पानावर गावातल्या सगळ्यात वयस्कर तांडेलाचं म्हणणं लिहा: कुणाचे खुंट कुठं, कुठल्या डोंगराच्या टोकाशी कुठलं झाड जुळलं की जाळं टाकायचं. खाली त्यांचा अंगठा, तारीख आणि तिथी.